पश्चिमेची भिंत

घर पाहायला जायचं ते दुपारी दोन वाजता, आणि जमलं तर मे महिन्यात. ही आमच्या ताईची पद्धत. अकोल्यात तिच्या ओळखीच्या कोणीही फ्लॅट घ्यायचा म्हटलं की तिला सोबत नेत. ती आत गेली की ओटा, कपाटं, टाइल्स काही पाहत नसे. सरळ पश्चिमेच्या भिंतीपाशी जायची, पंजा टेकवायची आणि नाडी पाहताना घड्याळाकडे पाहावं तशी घड्याळाकडे पाहत उभी राहायची. मग मालकाला एकच विचारायची, "नळ कितव्या दिवशी येते?" भिंत आणि नळ, बस. एवढ्यावर तिनं लोकांचे चार-पाच तरी सौदे मोडले असतील. त्या घरांचे मालक तिच्याशी पुढे कित्येक वर्षं बोलत नव्हते.

ताई सरकारी दवाखान्यात नर्स होती. माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. मी अमरावतीला पाटबंधारे खात्यात क्लार्क म्हणून लागले आणि तिथूनच निवृत्त झाले. लग्न केलं नाही. का केलं नाही, हे विचारणाऱ्यांना मी तीस वर्षं वेगवेगळी उत्तरं दिली. आता कोणी विचारत नाही, ते बरंच आहे.

भाऊजी गेले तेव्हा ताई त्रेसष्टची होती. तिचा एकुलता मुलगा कॅनडात. त्याचे तिथं कायम व्हायचे कागद अडकले होते, आज नियम एक, उद्या दुसरा. तो मला फोनवर म्हणायचा, "मावशी, माझंच इथं पक्कं नाही, आईला कुठं आणू?" तो खोटं बोलत नव्हता. मग ताईनं मला फोन केला आणि म्हणाली, "आपण दोघी एका जागी राहू. आता कोण राहिलं आपलं?" मी हो म्हटलं. ते ठरायला दोन मिनिटं लागली. कुठं राहायचं, यात दोन वर्षं गेली.

अमरावती ते अकोला एसटीनं अडीच तास. दोन गावं, दोन घरं, आणि दोघींना एकही घर चालेना. जठारपेठेत तिचं घर होतं. खाली दोन खोल्या ताईच्या, वर तिचा दीर आणि जाऊ. मी तिथं राहायला जाणं शक्य नव्हतं. आमची एक मावशी अंजनगाव सुर्जीला बहिणीच्या सासरी राहायची. लहानपणी सुट्टीत आम्ही तिथं जायचो. त्या घरात मावशीला कोणी वाईट बोललं नाही, हे मी छातीवर हात ठेवून सांगते. फक्त जेवताना तिच्या ताटात कोणी आपणहून वाढत नसे. भाकर हवी असली तर तिनं स्वतः उठून घ्यायची. सगळ्यांना आग्रह व्हायचा आणि मावशी टोपल्याकडे पाहत बसायची. मी आठ-नऊ वर्षांची असेन, पण ते पाहणं माझ्या डोक्यातून गेलं नाही.

ताईनंही तेच पाहिलं होतं. म्हणून ती माझ्याकडे यायला तयार नव्हती. "तुह्या घरात मी कोन? कमावलं तू, कर्ज फेडलं तू. मी तथी बसून खाऊ काय?" वर माझा तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट मी घेतला तेव्हाच तिनं नापास केला होता. "तुही भिंत हाय का तवा हाय?" दर उन्हाळ्यात हे एकदा ऐकून घ्यावं लागायचं.

मग तिसरी जागा शोधू, दोघींच्या नावानं, असं ठरलं. अमरावतीत पाहिली, अकोल्यात पाहिली. दोन म्हाताऱ्या बाया दारात उभ्या राहिल्या की लोक आधी पूर्ण नाव विचारतात. पूर्ण नाव सांगितलं की जागेची बोलणी कालच झालेली असतात. हे मला नवीन नव्हतं. नोकरी लागली तेव्हा खोली शोधताना हेच ऐकलं होतं, पण तेव्हा मी बावीसची होते आणि भांडायची. साठीला टेकल्यावर त्याच पायऱ्या पुन्हा उतरताना राग आला नाही, काहीच आलं नाही. ताई खाली येऊन म्हणाली, "भिंत तर पाहू द्यायची होती मेल्यानं." आम्ही उसाचा रस प्यालो आणि घरी आलो.

त्याच वर्षी आमच्या विहारातून थायलंडला सहल गेली. बारा दिवस, विहारं, स्तूप, बसमध्ये वंदना, जेवायला भात आणि सोबत आणलेलं लोणचं. शेवटचे तीन दिवस उत्तरेकडे चियांग माईला होते. नोव्हेंबर होता. सकाळी शाल घ्यावी लागायची. गावाच्या पश्चिमेला हिरवा डोंगर, त्यावर विहार, रस्त्यात कोणी हॉर्न वाजवत नव्हतं. उतरलो होतो त्या लॉजच्या शेजारीच एका इमारतीवर फ्लॅट विकायचे असल्याची पाटी होती. ताई पाटीखाली उभी राहिली आणि म्हणाली, "पाहाले का पैसे लागतात?"

दलाल बाई तिशीतली होती. तिला इंग्रजी यायचं, मला ऑफिसपुरतं यायचं. तिनं सांगितलं, परक्या माणसाला जमीन मिळत नाही, फ्लॅट मिळतो, आणि पन्नाशी ओलांडलेल्यांना राहण्याचा वेगळा परवाना मिळतो. ताई ऐकतच नव्हती. तिनं घड्याळ पाहिलं, दोनला दहा कमी होते, तर ती दहा मिनिटं थांबली. मग पाचव्या मजल्यावरच्या त्या खोलीत पश्चिमेच्या भिंतीला पंजा टेकवून उभी राहिली. भिंत थंड होती. दोन्ही पंजे टेकवले. थंड. मग मला म्हणाली, "इचार तिले, नळ कितव्या दिवशी येते."

मी विचारलं. दलाल बाईला प्रश्नच कळेना. तिला वाटलं, नळ गळतो का म्हणून विचारतोय. मी पुन्हा विचारलं, पाणी किती दिवसांनी सोडतात? तिनं आत जाऊन नळ सोडून दाखवला. पाणी आलं. ताई म्हणाली, "आज येऊन राहिलं, पण उद्या?" बाईनं नळ बंद केला, पुन्हा सोडला. आम्ही पाच-सहा दिवसांआड पाणी भरणारी माणसं, त्यामुळे दोघी त्या धारेकडे बराच वेळ पाहत राहिलो. खाली उतरताना ताई म्हणाली, "अथी आपलं पूर्ण नाव ऐकून कोनाले काय समजनार हाय?" आणि ती हसली. भाऊजी गेल्यानंतर मी तिला तशी हसताना पाहिलं नव्हतं. सौदा माझ्यापुरता तिथंच पक्का झाला होता.

परत आल्यावर ज्यानं त्यानं शहाणपण शिकवलं. दिवसही तसेच होते. कुठं लढाई सुरू, कुठलं आकाश विमानांना बंद, रुपया घसरलेला. त्या देशात भूकंप झाला आणि टीव्हीवर इमारतींच्या गच्चीवरून पोहायच्या तलावाचं पाणी सांडताना दाखवलं. मग त्यांच्या सीमेवर गोळीबार. विहारातले लोक मोबाईलवर मला एकेक बातमी पाठवत, जणू मीच ती घडवली. भाचा कॅनडातून म्हणाला, "मावशी, आता कुठंच काही पक्कं नाही, तुम्ही कुठं चालल्या?" मी म्हटलं, कुठंच पक्कं नाही तर मग कुठंही चालतं की.

बँकेत बाहेरच्या देशात पैसे पाठवायचा अर्ज भरला, तर तिथला साहेब म्हणाला, "तिकडे कोण आहे तुमचं?"

"कोणी नाही."

"मग कशाला?"

मी म्हटलं, अर्जात तो रकाना आहे का? त्यानं शिक्का मारला. मला बरं वाटलं, पण तेही स्टँडवर येईपर्यंतच टिकलं. खरं तर त्याचा प्रश्न चुकीचा नव्हता.

ताईचा दीरही एकदा विचारून गेला. तो दुकानदार माणूस, बोलायला थोडा फटकळ. मी जठारपेठेत गेले होते, कागदांवर ताईच्या सह्या हव्या होत्या. तो दारात उभा राहून म्हणाला, "वयनी, कावून जाऊन राहिल्या इतक्या दूर? अथी काय कमी हाय?" ताईच्या कपाळाला आठ्या पडल्या. तिनं सही केली, पेन मला दिला आणि त्याला म्हणाली, "कमी काई नाई. आमाले जायचं हाय." तो वर निघून गेला. त्याला खालच्या खोल्या मोकळ्या हव्यात म्हणून विचारून राहिला, असं मी म्हटलं. ताईनं मान डोलावली. आम्ही दोघींनी त्याच्याबद्दल असंच ठरवून टाकलं.

माझा नांदगाव पेठेकडचा प्लॉट विकला, तिची निवृत्तीची रक्कम घातली, आणि फ्लॅट दोघींच्या नावावर झाला. सहलीनंतर सव्वा वर्षानं, फेब्रुवारीत, दोन महिन्यांसाठी गेलो. सोबत तिखट, ज्वारीचं पीठ, कुकर, भाऊजींचा फोटो आणि बुद्धाची लहान मूर्ती. मूर्ती पाहून ताईची जाऊ म्हणाली होती, तिकडे बुद्ध मिळत नाही काय? ताई म्हणाली, "मिळते, पन हा घरचा हाय."

पहिले पंधरा-वीस दिवस चांगले गेले, ते नाकारून चालणार नाही. सकाळी फिरायला जायचो. बाजारात वांगी मिळाली, तर ताईनं त्यांची भाजी केली आणि शेजारच्या बाईला वाटी नेऊन दिली. जेवताना ती माझ्या ताटात वाढायची, मी तिच्या. दोघी एकमेकींना आग्रह करत होतो, पोट भरलं तरी. रोज दोन वाजता ती भिंतीला हात लावून यायची. "थंड हाय," म्हणायची आणि आडवी व्हायची.

मग एका सकाळी डोंगर दिसेना. मला धुकं वाटलं. दुपारीही दिसेना. खिडकीच्या कठड्यावर काळी बारीक राख होती. वास ओळखीचा होता. आपल्याकडे कापूस निघाला की शेताच्या धुऱ्यावर पऱ्हाटी, म्हणजे कापसाची वाळकी झाडं, जाळतात, तोच. फक्त आपल्याकडे तो संध्याकाळी येतो आणि वाऱ्यावर जातो. तिथं चारी बाजूंनी डोंगर, धूर जाणार कुठं? खालच्या रखवालदाराला विचारलं, तर तो मास्कच्या आतून म्हणाला, दर वर्षीच असतं, शेतं जाळतात, जंगल जळतं, पाऊस येईपर्यंत. किती दिवस? त्यानं दोन बोटं दाखवली, मग तिसरं दाखवलं. महिने.

आम्ही वऱ्हाडातल्या बाया. आम्ही उन्हाची परीक्षा घेतली, पाण्याची घेतली. नोव्हेंबरात भिंतीला हात लावला आणि खूश झालो. आमच्या जन्मात घरानं आम्हाला दोनच गोष्टींनी छळलं होतं, म्हणून तिसरीची चौकशी करायचं डोक्यातच आलं नाही. दलाल बाईनं फसवलं असंही म्हणता येत नाही. तिला जे विचारलं, ते तिनं नळ सोडून दाखवलं होतं.

ताईला दमा जुनाच. वॉर्डात पंचवीस वर्षं काढली, त्यात दोनदा छातीचं दुखणं होऊन गेलेलं. ती पंप घ्यायची, पण तिथं किती वेळा घेत होती ते मला कळू दिलं नाही. बाथरूममध्ये नळ सोडून घ्यायची, म्हणजे आवाज येऊ नये. रोज येणाऱ्या पाण्याचा तिनं हा उपयोग केला. मी चिडले तेव्हा म्हणाली, "घर घेतलं हाय. दोन महिने तरी राहू दे ना बाप्पा." मी परतीची तिकिटं आधीच्या तारखेची करून घ्यायला हवी होती. करते, करते म्हणत मी आठ दिवस घालवले. मलाही ते घर हवं होतं. हे मी आता लिहू शकते, कारण लिहिताना काही वाटत नाही.

नवव्या दिवशी सकाळी ती ओट्याला धरून उभी होती आणि तिला वाक्य पुरं करता येत नव्हतं. नखं निळी झाली होती. तिनंच ती मला दाखवली, नर्सनं शिकाऊ पोरीला दाखवावी तशी. अकरा दिवस दवाखान्यात काढले. तिथले डॉक्टर भले होते. त्यांनी काढलेल्या फोटोत फुप्फुसं पाहून ताई मला म्हणाली, "आता हे परत भरून नाई येत." विमानात ऑक्सिजनची सोय करून तिला आणलं आणि थेट अकोल्याला नेलं, कारण तिचे जुने डॉक्टर तिथं होते. मी म्हटलं, आठ दिवस राहते.

त्याला आता चौदा महिने झाले. ताईच्या खाटेशेजारी ऑक्सिजनचं मशीन आहे, ते दिवसभर घरघरतं. विमानप्रवास बंद, असं डॉक्टरांनी लिहूनच दिलं. पाचव्या मजल्यावरच्या त्या घरात आमचा कुकर आणि घरचा बुद्ध आहे. दलाल बाईचा दर दोन-तीन महिन्यांनी मेसेज येतो. विकायचं का? सध्या गिऱ्हाईक नाही, दिवस अनिश्चित आहेत. मी ताईला वाचून दाखवते. ती म्हणते, "राहू दे." मी राहू देते. माझा अमरावतीचा फ्लॅट बंद आहे. महिन्यातून एकदा जाऊन खिडक्या उघडते आणि येते.

परवा दुपारी लाइन गेली. मशीनला इन्व्हर्टर आहे, पण त्याची बॅटरी बसली होती. मी सिलिंडरची नळी लावत होते, तोवर ताईचा दीर वरून त्याची बॅटरी स्वतः उचलून घेऊन आला. पासष्टचा माणूस, पायऱ्या उतरताना धापा टाकत होता. त्यानं वायर जोडली. मशीन सुरू झालं. जाऊ मागून ताट घेऊन आली, दोन भाकरी आणि झुणका, आणि मी नको म्हणायच्या आत माझ्या पुढ्यात ठेवलं. "गरम हाय, आधी खाऊन घ्या," म्हणाली.

मी म्हटलं, "माझ्यामुळे तुम्हाला त्रास. आठ दिवसांसाठी आले होते."

दीर खाली बसून घाम पुसत होता. भाच्यामुळे तोही मला मावशीच म्हणतो. म्हणाला, "त्रास कायचा, मावशी? भाऊ गेला तवाच आमी वर बोललो होतो. म्हटलं, मावशीले अथीच आना, दोघी बहिनी राहतीन खाली. दोन खोल्या हायेत ना." मग ताईकडे पाहून म्हणाला, "म्यां इचारलं बी होतं वयनीले, कावून जाऊन राहिल्या म्हनून. तुमाले विदेशातच राहायचं होतं, मंग आमी काय बोलनार?"

त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता. असता तर मी उत्तर दिलं असतं. तो उठला, बॅटरीच्या वायरीला एकदा हात लावून पाहिला आणि वर गेला. जाऊ थांबली. मी एक भाकर संपवली, तर तिनं दुसरी माझ्या ताटात आपणहून सरकवली. मी ती खाल्ली. चव कळली नाही. ती रिकामं ताट घेऊन गेली.

मग आम्ही दोघीच उरलो. मशीन चालू होतं. ताई छताकडे पाहत होती. मग म्हणाली, "मले वाटलं, तू अथी यायले नाई म्हनशीन."

मी म्हटलं, "तू कधी ये म्हटलंच नाही."

"हाव," ती म्हणाली. दोन श्वास घेतले. "अंजनगावच्या मावशीसारखं होईन तुहं, असं वाटलं."

मलाही तेच वाटलं होतं, हे मी तिला सांगितलं. तिनं डोळे मिटले. मला रडू आलं असतं तर बरं झालं असतं, पण आलं नाही. घड्याळात दोन वाजून पाच मिनिटं झाली होती. मे महिना होता. ती डोळे न उघडता म्हणाली, "भिंत पाय."

मी उठले आणि पश्चिमेच्या भिंतीला पंजा टेकवला. चटका बसला, पण मी हात तसाच ठेवला.

"कशी हाय?"

"लय तापली."

"मंग माही खाट तिकडं सरकव, उगवतीले," ताई म्हणाली, "आन तुहीबी."